तीन मिनिटं

माझं नाव वर्लिन टॅकेट. वय एकोणसाठ.
बुलडोझर चालवतो. राज्य ओरेगन, गाव कॉपर फोर्क,
म्हणजे त्यातलं जे काही उरलंय ते.
टेबलावर तुम्ही तीन दिवे ठेवलेत, हिरवा, पिवळा, लाल.
आमच्या गावात एकही सिग्नल नव्हता,
चुकलो तर सांभाळून घ्या.

पैज मला नवी नाही.
ऑडेलच्या खानावळीत हिवाळ्याच्या तोंडावर
फळ्यावर खडूनं लागायच्या तारखा,
पहिला बर्फ कधी.
हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचं अंगण उपसायचं.
बर्फ कुणाच्या बापाचं ऐकत नाही,
म्हणून सगळे निर्धास्त.

ही पैज अशी होती:
शुक्रवारच्या मध्यरात्रीपर्यंत आग गावात शिरेल का?
बुधवारी 'होय'चा भाव एकतीस सेंट.

मी कड्यावर जाळरेषा काढत होतो,
दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.
माती उलटली की भाव उतरायचा,
वारा फिरला की चढायचा.
कुठल्या शहरात कोण जागा राहून
माझ्या पात्याकडे आलेख म्हणून बघतंय,
मला काय ठाऊक.

गुरुवारी चार वाजता डिझेल संपलं.
टँकर खाली वळणावर अडकलेला.
चाळीस मिनिटं मशीन थंड.
मी पायरीवर बसून डब्यातले पीच खाल्ले.
सांगतो, कारण सगळंच सांगायचं ठरवलंय.
तेवढ्यात 'होय'
चव्वेचाळीसवरून ऐंशीवर.
शुक्रवारी पहाटे आग शिरली.
आधी चर्चची मागची बाजू, मग ऑडेलचा फळा.

नंतर कळलं, माझा पुतण्या डार्बी,
जो आम्हाला पाणी पोचवत होता,
त्यानं गुरुवारी सकाळीच दोनशे डॉलरचं 'होय' घेतलेलं.
म्हणाला, काका, विमा कंपनीनं मार्चमध्येच हात झटकले,
मग मी कुठे उतरवायचा विमा?
त्याचं घर गेलं
आणि त्याच रात्री खात्यात चारशे चोपन्न डॉलर आले.
त्यातून त्यानं तंबू घेतला.
यावर काय बोलायचं असतं, मला अजून सुचलेलं नाही.

आता शाळेच्या मैदानात ट्रेलर आहेत, तेच गाव.
तिथे कुणी मला काही विचारत नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.
ब्रेंडा ऑस्टबी कॉफी देते,
पण कप हातात देत नाही,
टेबलावर ठेवते.
म्हणून डिझेलची पावती मी खिशात बाळगतो.
लॅमिनेट करून घेतली आहे.

माझ्याआधी बोललेले गृहस्थ म्हणाले,
बाजाराला शेरीफच्या आधी कळलं होतं.
खरं आहे.
शेरीफ म्हणत होता, घाबरू नका.
भाव एका रात्रीत बारावरून एकतीसवर गेला,
तो बघून इला ब्रँडव्होल्डनं
नव्वदीची आई आणि अकरा बकऱ्या गाडीत घातल्या.
सगळ्या जिवंत आहेत.
तिच्या तोंडावर मी बंद करा म्हणू शकत नाही.
कुणाचं घर जळतं, कुणी त्यावर विडी पेटवतं,
हे तर ॲपच्या आधीपासूनचं.

कायदा लिहिणं माझं काम नाही.
एवढंच कळतं:
ज्याच्या हातात दांडा आहे
त्याच्या खिशात 'होय' नसावं, 'नाही'सुद्धा नसावं.
आणि ज्याच्या खिशात खरोखर काही नाही
त्याला पावती घेऊन हिंडावं लागू नये.

पिवळा लागला. आवरतो.
पुढच्या उन्हाळ्याचे भाव आत्ताच निघालेत,
शेजारच्या खोऱ्याचं नाव आहे.
तिथून मला फोनही आलाय, मशीन घेऊन या.
जाणार.
टाकी मात्र चौकात भरीन, चार लोकांदेखत,
आणि पीच

लाल लागला वाटतं.
बरं.
ही पावती कुणाकडे द्यायची?